मारबतीच्या चितेवर बाकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. रोगराई, इडापीडा यांनी बाईच्या या पुतळ्यासोबत गावाबाहेर जावं, अशी हाळी घालत मिरवणूक चालते आणि शेवटी पुतळा जाळला जातो. गावावरचं अरिष्ट एका रूपात गोळा करून वेशीबाहेर टाकण्यामागे शुद्धीची खरी तळमळ आहे. पण काळ्या मारबतीला हाडामांसाच्या एका स्त्रीचं नाव चिकटलं आहे: दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी बाकाबाई. त्या इंग्रजांना फितूर झाल्या, म्हणून हा धिक्कार, असं सांगतात. निनावी पीडेला जाळणं हा विधी. माणसाला नाव घेऊन जाळणं ही शिक्षा, आणि शिक्षेला न्याय लागतो.

१८१६ साली इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो आप्पासाहेब भोसल्यांनी. पुढे ते सीताबर्डीला इंग्रजांविरुद्ध उभे राहिले म्हणून त्यांना मान मिळतो, आणि तो रास्त आहे. तहासाठी त्यांचा पुतळा कोणी जाळत नाही. बाकाबाईंनी १८५७ मध्ये उठावाला साथ दिली नाही, उलट आपल्या माणसांना आवरलं, हे खरं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या वर्षी शिंदे, होळकर आणि निजाम हे राज्यकर्तेही इंग्रजांच्याच बाजूला राहिले. शिवाय त्याच्या तीनच वर्षं आधी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं होतं, भोसल्यांचं जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात गेले होते. लुटलं गेलेलं ते घर याच बाईचं होतं. १८५८ मध्ये त्या वारल्या. काळी मारबत निघाली ती तेवीस वर्षांनी, इंग्रज साहेबाला उघड जाळणं शक्य नव्हतं अशा काळात. राग खरा होता, पण तो उलट बोलू न शकणाऱ्या विधवेवर जाऊन बसला. शिलाहार-यादव काळातल्या गधेगाळ शिळांवर हेच दिसतं: दान मोडणाऱ्याला दिलेला शाप दगडात कोरलाय, आणि गाढवाखाली दाखवली आहे ती त्याची आई. अपराध पुरुषाचा, विटंबना बाईच्या देहाची.

मारबत ही देवीच, लोक तिची पूजा करतात, असं कोणी म्हणेल. मग ती देवीच राहू द्या. त्या श्रद्धेला बाकाबाईंचं नाव लागत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: उपहास हे दुबळ्यांचं हत्यार, त्याला लगाम का घालायचा? घालूच नये. मारबतीसोबत निघणारे बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळे, हे काम चोख करतात. भ्रष्टाचार, महागाई, सत्तेवरचे पुढारी. बडग्याचा चेहरा दरवर्षी बदलतो आणि जिवंत माणसाला टोचतो. बाकाबाईंना मात्र सुटकाच नाही. जुन्या वस्तीची ही प्रथा म्हणून रामदासपेठेतल्या शिकलेल्या घरांनीही हात झटकू नयेत. फितुरीची ती गोष्ट पुढच्या पिढीला सांगणाऱ्यांत आपणही आहोत. पुढच्या तान्ह्या पोळ्याला मारबत जरूर निघावी, जळावी. मुलांना तिची गोष्ट सांगताना बाकाबाईंचं नाव तेवढं त्यातून काढा.