न तपासलेल्या भागाची खात्री

थ्रीडी प्रिंटिंगने धातूचा एक भाग घडवणे आणि तसेच दहा हजार भाग कारखान्यातून बाहेर काढणे, यांतला फरक बहुधा वेग आणि खर्चाचा मानला जातो. तो फरक खराच आहे. पण त्याच्या मुळाशी ज्ञानशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. जे तपासले त्यावरून, जे तपासलेच नाही त्याविषयी खात्रीने बोलण्याचा अधिकार कशाने मिळतो? नमुना बनवताना या प्रश्नाशी गाठ पडत नाही, कारण नमुना समोर असतो आणि त्याच्याविषयी जे जाणायचे ते त्यालाच हाताळून जाणता येते. उत्पादनात मात्र प्रत्येक भागाविषयी काहीतरी मानून चालावे लागते, आणि ते मानणे योग्य कधी ठरते हे सांगावे लागते.

या तंत्राचा जन्म नमुन्यांसाठीच झाला. चक हल यांनी १९८४ मध्ये स्टीरिओलिथोग्राफीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते त्यांना मिळाले. अतिनील प्रकाशाने द्रव राळेचा एकेक थर घट्ट करत वस्तू उभी करणे ही त्यांची रीत. त्याच दशकात टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी पावडरचे कण लेसरच्या उष्णतेने एकमेकांना जोडण्याची पद्धत विकसित केली. अशा यंत्रांतून निघालेल्या वस्तूचे काम आराखड्याविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर देणे हे होते. आकार हाताला बसतो का, झाकण लागते का, शेजारच्या भागाला अडथळा होतो का? उत्तर मिळाले की नमुन्याचे काम संपले. तो तुटला तरी त्यातून काही कळलेलेच असते.

विमानाच्या इंजिनात बसणाऱ्या भागाचे तसे नसते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने २०१५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-९० इंजिनातील एका संवेदकाच्या थ्रीडी प्रिंटेड आवरणाला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी प्रवासी सेवेत आलेल्या लीप इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलचे टोक याच पद्धतीने बनवलेले होते. पूर्वी सुमारे २० सुटे तुकडे जोडून तयार होणारे हे टोक आता कोबाल्ट-क्रोमच्या पावडरमधून अखंड निघू लागले आणि वजनात २५ टक्के घट झाली. अलाबामातील ऑबर्न येथील कारखान्याने २०१८ मध्ये ३०,००० वे आणि २०२१ मध्ये १,००,००० वे नोझल तयार केले. यांतल्या प्रत्येकाने हजारो तास ज्वालेच्या तोंडाशी टिकायचे असते. ते टिकेल हे कळण्याचा निर्णायक उपाय म्हणजे ते ताणून, तापवून, तुटेपर्यंत थकवून पाहणे. पण तोडून पाहिलेला भाग विमानात बसत नाही आणि विमानात बसलेला भाग कोणी तोडून पाहिलेला नसतो. उड्डाण करणाऱ्या भागाच्या बळाविषयीचे ज्ञान म्हणूनच नेहमी अनुमान असते.

हा पेच प्रत्येक मोठ्या उत्पादनात असतो, पण जुन्या उद्योगाने त्याची विभागणी करून तो सोपा केला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ यांनी बंदुकीच्या चापाचे सुटे भाग असे बनवले की ढिगातून कोणताही भाग उचलून कोणत्याही चापात बसवता यावा. थॉमस जेफरसन यांनी १७८५ मध्ये ते पाहून मायदेशी कळवले आणि पुढे स्प्रिंगफील्ड व हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारांनी गेज वापरून ही रीत पक्की केली. दोन भाग ‘सारखे’ याचा अर्थ इथे मापाने सारखे असा होता. धातूच्या गुणाची हमी वेगळीकडून येई. ती भट्टीत आणि रोलिंग मिलमध्ये आधीच ठरलेली असे, आणि एकाच लोखंडी कांबीतून कापलेल्या दहा तुकड्यांपैकी एकाची परीक्षा उरलेल्या नऊंविषयी बरेच सांगून जाई. कारखान्याने फक्त आकार द्यायचा असे.

थ्रीडी प्रिंटिंगने ही विभागणी मोडली. लेसरने पावडर वितळवण्याच्या पद्धतीत साधारण १५ ते ४५ मायक्रॉन जाडीच्या कणांचा ३० ते ६० मायक्रॉनचा थर पसरला जातो, लेसर त्यावरून आकृती काढत जातो आणि वितळलेला बिंदू क्षणार्धात गोठतो. थर ४० मायक्रॉनचा धरला तर ३० सेंटीमीटर उंचीच्या भागाला ७,५०० थर लागतात. आकार आणि पदार्थ एकाच क्षणी, एकाच ठिकाणी जन्माला येतात. गेज लावून आकार कळेल, पदार्थ कळणार नाही. लेसरची ऊर्जा कमी पडली तर थरांच्या मध्ये न वितळलेली फट राहते. ती जास्त झाली तर वितळलेल्या धातूत खोल विवर पडून त्याच्या तळाशी वायूचा बुडबुडा अडकतो. उडालेले थेंब वाहत्या आरगॉन वायूने पुरते वाहून नेले नाहीत तर ते शेजारच्या भागावर पडून तिथला थर बिघडवतात. पृष्ठभागालगतचे काही दशक मायक्रॉनचे छिद्र धातूच्या थकव्यातून जाणाऱ्या तड्याचा आरंभ ठरू शकते. एकाच प्लेटवर एकाच वेळी बनलेले, डोळ्यांना आणि गेजला अगदी सारखे दिसणारे दोन भाग आतून वेगळे असू शकतात.

आता मूळ प्रश्न पूर्ण रूपात समोर येतो. ‘हे यंत्र, ही पावडर, ही मांडणी असेल तिथे असा भाग निघतो’ हे विधान न्यायशास्त्राच्या भाषेत व्याप्तीचे विधान आहे. धूर दिसला की अग्नी असणारच, हे व्याप्तीचे प्रसिद्ध उदाहरण. अनुमान तिच्यावरच उभे असते. चार्वाकांचा आक्षेप नेमका इथेच आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात तो पहिल्याच प्रकरणात मांडलेला आढळतो. गेलेली, दूरची आणि पुढे येणारी उदाहरणे प्रत्यक्षाला दिसत नाहीत, मग ‘सर्वत्र’ हा शब्द उच्चारायचा कोणत्या आधारावर? अनुमानाच्या आधारावर म्हणावे तर ते स्वतःच व्याप्तीवर अवलंबून. हा आक्षेप खोडसाळ म्हणून बाजूला टाकण्याजोगा नाही. ५० भाग उत्तम निघाले म्हणून ५१ वा निघेल, असे म्हणणाऱ्या अभियंत्याला चार्वाक विचारतो तोच प्रश्न गुणवत्ता तपासनीस विचारतो.

नैयायिकांनी या आक्षेपाला दिलेल्या उत्तरातला सर्वांत कामाचा भाग म्हणजे उपाधीची कल्पना. धूर तिथे अग्नी हे खरे, पण अग्नी तिथे धूर हे खरे नाही. लोखंडाच्या लाल तापलेल्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. अग्नी आणि धूर पुन्हा पुन्हा एकत्र दिसत होते ते या तिसऱ्या अटीमुळे, जिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. न्यायाच्या परिभाषेत जी अट साध्य (इथे धूर) असेल तिथे हटकून असते, पण हेतू (इथे अग्नी) असेल तिथे असतेच असे नाही, ती उपाधी. मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांनी चौदाव्या शतकात तत्त्वचिंतामणीत या विषयाचा जो कसून विचार केला, त्याची धार आजच्या कारखान्यातही बोथट होत नाही. उपाधी सापडली की व्याप्ती मोडते आणि अनुमान निकामी होते. म्हणून अनुमानाचे बळ उदाहरणांच्या ढिगापेक्षा उपाधी शोधण्याच्या काटेकोरपणावर ठरते.

थ्रीडी प्रिंटिंगचा नमुन्याकडून उत्पादनाकडे झालेला प्रवास हा मुख्यतः उपाधींचा शोध आहे. प्रयोगशाळेत एका यंत्रावर, एकाच तंत्रज्ञाच्या हाताखाली, नव्या पावडरच्या डब्यातून काढलेले भाग चांगले येतात तेव्हा ‘नवी पावडर’ ही अट न सांगता हजर असते. उत्पादनात उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरावी लागते, नाहीतर हिशेब जुळत नाही. टायटॅनियमची पावडर प्रत्येक फेरीत थोडा ऑक्सिजन धरत जाते. टीआय-६-४ या मिश्रधातूच्या साध्या प्रतीत ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के आणि अधिक चिवट प्रतीत ०.१३ टक्के आहे. ती ओलांडली की धातू कठीण होतो, पण त्याचा चिवटपणा जातो. तसेच प्लेटवरची जागा. वायूच्या प्रवाहाच्या तोंडाशी असलेला भाग आणि दूरच्या कोपऱ्यातला भाग यांना सारखे वातावरण मिळत नाही. वेग वाढवण्यासाठी एका यंत्रात चार, आठ, बारा लेसर आले, तेव्हा दोन लेसरांच्या हद्दी जिथे एकमेकींवर चढतात तो पट्टा नवी उपाधी ठरला. यंत्र क्रमांक एकवरची मांडणी यंत्र क्रमांक दोनवर जशीच्या तशी उतरवली तरी भाग तसाच येईल असे धरता येत नाही. भागाची भूमितीही यातून सुटत नाही. पातळ भिंतीतून उष्णता सावकाश निघते, जाड गाभ्यातून भराभर, आणि म्हणून एकच मांडणी एकाच भागात दोन प्रकारचा धातू घडवू शकते.

उपाधींची यादी कधी पूर्ण होते का? तार्किकदृष्ट्या होत नाही, आणि इथे चार्वाकाचे म्हणणे तेवढ्यापुरते टिकते. उद्योगाने काढलेला मार्ग दोन पदरी आहे. पहिला पदर म्हणजे प्रक्रिया गोठवणे. यंत्र, पावडरचा पुरवठा, लेसरची मांडणी, प्लेटवरची रचना, नंतरची उष्णता-प्रक्रिया हे सर्व लिहून बंद केले जाते, आणि त्यात काहीही बदलले तर पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. प्रत्येक बिल्डबरोबर, म्हणजे एका वेळी छापल्या जाणाऱ्या भागांच्या संचाबरोबर, छोटे साक्षी नमुने छापले जातात आणि भागाऐवजी ते तोडले जातात. साक्षी या शब्दाला साजेशीच त्यांची भूमिका आहे. ते स्वतःविषयी खरे बोलतात आणि शेजाऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना गोठवलेल्या प्रक्रियेकडून मिळतो.

दुसरा पदर संख्याशास्त्राचा. विमानाच्या आराखड्यात वापरल्या जाणाऱ्या बळाच्या ‘ए’ मूल्याचा अर्थ असा, की सर्व भागांपैकी किमान ९९ टक्के त्याहून बळकट असतील असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता यावे. ‘बी’ मूल्यात ९९ च्या जागी ९० येतात. ‘सर्वत्र’ हा शब्द इथे मुद्दाम सोडून दिला आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल कंपनीच्या कारखान्यासाठी आखलेला नियंत्रण-तक्ताही हेच करतो. प्रक्रियेत अंगभूत असलेला चढउतार आणि शोधून काढता येण्याजोग्या कारणाने आलेला चढउतार यांत तो भेद करतो. दुसऱ्या प्रकारचा चढउतार दिसला की थांबून कारण शोधायचे. हे कारण म्हणजे उपाधीच. शूहार्ट यांच्या १९३९ च्या ग्रंथावर सी. आय. लुईस या तत्त्वज्ञाच्या ज्ञानविचाराची छाप आहे. कारखान्याच्या तपासणीला ज्ञानशास्त्राची जोड हवी हे शूहार्ट यांना पुरते उमगले होते.

पण शंका कुठे थांबवायची? दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याला दिलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे. शंकेची मर्यादा व्याघात ही आहे. जी शंका मनात धरल्यावर माणसाला स्वतःचे वागणेच खोटे पाडावे लागेल, तिथे शंका थांबते. धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा माणूस विस्तवापासून धूर निघतो याविषयी खरी शंका धरू शकत नाही. या उत्तराचा दुरुपयोगही होऊ शकतो हे मात्र सांगायला हवे. आजवर सारे भाग चालले, तेव्हा शंका कशाला, असे म्हणणे म्हणजे व्याघात नव्हे, सवय. नेमके कारण दाखवता येणारी शंका सवयीने मिटत नाही.

अलीकडे तिसरा मार्ग पुढे आला आहे, तो प्रत्येक भागावर स्वतंत्र नजर ठेवण्याचा. कॅमेरे प्रत्येक थर टिपतात, संवेदक वितळलेल्या बिंदूचा प्रकाश मोजतात, तयार भागाचे सीटी स्कॅन होते. यामुळे अनुमानाच्या जागी प्रत्यक्ष आले, असा दावा कधी कधी केला जातो, आणि तो अपुरा आहे. बिंदूच्या प्रकाशातला बदल हे छिद्र नसून छिद्राचे चिन्ह आहे. चिन्ह आणि दोष यांच्यातली व्याप्तीही आधी सिद्ध करावी लागते, आणि तीही पुष्कळ भाग कापून पाहूनच. सीटी स्कॅन ठरावीक आकाराहून लहान छिद्र दाखवत नाही, आणि भाग जाड असेल तर ती मर्यादा आणखी वाढते. उष्ण दाबाखाली आतली छिद्रे मिटवली जातात, पण पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली फट त्याने मिटत नाही. अनुमान संपत नाही. ते अधिक जवळच्या चिन्हावर आधारलेले होते, आणि एवढी सुधारणा मोठीच आहे.

दात सरळ करणाऱ्या पारदर्शक आवरणांचे (अलाइनरांचे) उत्पादन या सगळ्याला वेगळे वळण देते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाईन टेक्नॉलॉजीच्या कारखान्यात प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा साचा छापला जातो आणि त्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून बसवला जातो. प्रचंड उत्पादन, पण दोन वस्तू मुद्दामच सारख्या नाहीत. गेजने ठरणारे सारखेपण इथे लागूच होत नाही. वैशेषिकांनी अनेक व्यक्तींत राहणाऱ्या एका सामान्याची कल्पना केली. इथे ते सामान्य वस्तूच्या आकारात शोधता येत नाही, वस्तू ज्या रीतीने घडली तिच्यात शोधावे लागते. नोझलच्या बाबतीतही बारकाईने पाहता हेच खरे आहे, फक्त तिथे आकारही सारखा असल्याने ते झाकले जाते.

दुसऱ्या टोकाला अत्यल्प संख्येचे उत्पादन आहे. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे थ्रीडी प्रिंटेड इंजिन ६६५ सेकंद यशस्वीपणे चालवून पाहिले. १४ भागांच्या जागी एक भाग आला, १९ वेल्ड-सांधे गेले, आणि ५६५ किलो कच्च्या मालाच्या जागी १३.७ किलो पावडर पुरली. सांधे गेल्याने सांध्यांतले दोष गेले, पण वेल्ड एकेक तपासता येत होते, अखंड भागाचे अंतरंग तसे टप्प्याटप्प्याने उघडून पाहता येत नाही. वर्षाला मोजकी इंजिने लागत असतील तर मोठ्या संख्येवर उभे राहणारे संख्याशास्त्र हाती येत नाही. तिथे साक्षी नमुने, प्रक्रियेची नोंद आणि आराखड्यात मुद्दाम राखलेली बळाची शिल्लक यांवर अधिक भार टाकावा लागतो.

किती पुरावा पुरेसा, याचे उत्तर शेवटी केवळ ज्ञानशास्त्रातून मिळत नाही. नासाने २०२१ मध्ये काढलेले ६०३० क्रमांकाचे मानक थ्रीडी प्रिंटेड भागांचे वर्ग पाडते, आणि त्या वर्गवारीचा पहिला निकष बिघाडाचा परिणाम हा आहे. ज्याच्या तुटण्याने जीव किंवा मोहीम गमवावी लागेल त्या भागासाठी मागितलेला पुरावा आणि ज्याच्या तुटण्याने काही बिघडत नाही त्याच्यासाठी मागितलेला पुरावा यांत मोठे अंतर आहे. दोन्ही भाग एकाच यंत्रावर, एकाच पावडरमधून, एकाच दिवशी निघालेले असू शकतात. त्यांच्याविषयी जे ज्ञात आहे ते तंतोतंत सारखे असले तरी एकाला परवानगी मिळते आणि दुसऱ्याला थांबवून आणखी नमुने तोडले जातात, कारण चुकीची किंमत दोन्हीकडे वेगवेगळ्या माणसांना मोजावी लागते.