आडनाव विचारण्याआधी

कोकणातल्या कोणत्याही मोहल्ल्यात पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आडनाव काय?’ उत्तर मिळाले की आपले समाधान होते. जणू माणूसच कळला. पण आडनाव नेमके काय सांगते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

काझी, खतीब, मुकादम, देशमुख ही कामाची, हुद्द्याची नावे. ‘कर’ लागलेली गावांची. दळवी, सुर्वे, नाईक ही तर शेजारच्या हिंदू घरांच्या पाटीवरही दिसतात. म्हणजे आपल्या आडनावांत जुन्या राजवटींची दप्तरे आहेत, माती आहे, शेजार आहे. ‘अस्सल रक्त’ मात्र त्यांत शोधूनही सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या काही बुजुर्गांनी पदरच्या पैशाने तिकीट काढून केपटाऊन गाठले. 1860 पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या करारबद्ध मजुरांहून त्यांची वाट वेगळी होती. तरी वसाहतीचा कायदा आडवा आलाच. केपच्या 1902 च्या कायद्याने नव्या माणसाला युरोपीय भाषेच्या लिपीत लिहिता येण्याची अट घातली. 1906 च्या कायद्यानंतर गावी येऊन परत जायचे तर परवाना लागू लागला. प्रत्येक कागदावर नाव आले, आणि परक्या लिपीत ते बदलत गेले. परकारांतले काही ‘पार्कर’ झाले.

नाव साहेबासारखे झाले, पण माणूस साहेब झाला नाही. 1950 च्या वस्तीविभाजनाच्या कायद्याने कोणी कुठे राहायचे ते वंशावरून ठरवले. 1966 मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि इतरांना उठवण्यात आले. तो कायदा 1991 मध्ये रद्द झाला. मोडलेली घरे काही परत उभी राहिली नाहीत.

आपल्याला हा अन्याय चटकन समजतो, कारण शहरात भाड्याचे घर शोधताना नाव सांगताच समोरचा चेहरा कसा बदलतो, हे आपण पाहिले आहे. मग सोयरीक जुळवताना ‘त्यांचे आडनाव आपल्यातले नाही’ असे म्हणून चांगल्या मुलाला परत पाठवतो, तेव्हा आपल्या हातात कोणता तराजू असतो? सूरह हुजुरातची तेरावी आयत आपल्याला पाठ आहे: कबिले ओळखीसाठी, इज्जत तक्व्याने. लग्नाच्या बैठकीत मात्र तिचा विसर पडतो.

मग आडनाव टाकून द्यावे काय? मुळीच नाही. केपटाऊनहून कुणाचा नातू आजोबांचे गाव शोधत आला, तर त्याच्या हाती तेवढाच एक धागा असतो. तो आपण जपलाच पाहिजे. फक्त त्या धाग्याने माणूस शोधावा, तोलू नये. पुढच्या पाहुण्याला आडनाव जरूर विचारू. पण त्याआधी त्याला पाणी देऊ, बसायला सांगू.