त्याच जागी, पुन्हा

मार्गशीर्षातल्या रात्री, दहाच्या सुमाराला, पलूसमधल्या एखाद्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसा. कुंडलच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज येईल. येऊ द्या.

डावीकडे मृग वर आलेला असेल. तिथून नजर उजवीकडे खाली न्या आणि क्षितिज व माथा यांच्या साधारण मधोमध थांबवा. तिथे अश्मंत नावाचा तारकासमूह आहे. त्यात एकही ठळक तारा नाही. नजर तिथे ठरणार नाही, मृगाकडे पळेल. तिला परत आणा. श्वास सावकाश होऊ द्या.

या अंधारातला पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहूनही लहान असा एक तुकडा मनात धरा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने 1999 साली अवकाशात गेलेली चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण 2016 पर्यंत पुन्हा पुन्हा याच तुकड्याकडे वळली. सगळा वेळ जोडला तर 70 लाख सेकंद भरतात. म्हणजे जवळजवळ 81 दिवस.

त्या दिशेने काय येतं, याकडे आता लक्ष द्या. दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू चकतीसारखा फिरतो, तापतो. चकतीजवळच्या अतितप्त भागातून क्ष-किरण सुटतात. हेच सक्रिय केंद्रक. भोवतीच्या धुळीने त्याचा दृश्य प्रकाश अडतो, पण जोरकस क्ष-किरण पुष्कळदा पार होतात. यातले कित्येक किरण पृथ्वी जन्मण्याआधीच निघालेले आहेत.

ते तुमच्या गच्चीवर मात्र पोचत नाहीत. वातावरण त्यांना वरच शोषून घेतं. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या ॲस्ट्रोसॅटवर अशीच एक क्ष-किरण दुर्बीण आहे. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे तिच्यात एकात एक बसवले आहेत. समोरून आदळलेला क्ष-किरण आरशात शिरून हरवतो. अगदी तिरका, घासून गेला तरच वळतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले अभ्यासक या उपग्रहाच्या नोंदींतून अशा केंद्रकांच्या तेजातले चढउतार वाचतात. पण ती बहुतेक जवळची, उजळ केंद्रकं. अश्मंतातली सर्वांत मंद केंद्रकं टिपायला चंद्राची तीक्ष्ण नजर आणि तिचा इतका वेळ लागला.

कारण तिथून प्रकाश धारेने येत नाही. एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, येतो. मग काही नाही. कित्येक दिवसांच्या निरीक्षणानंतर आणखी एक.

या मधल्या रिकामपणात थोडं थांबा. मन लगेच निकाल मागेल: आहे की नाही? निकाल देऊ नका. आलेला एक फोटॉन पुरावा ठरत नाही. अवकाशातले भरकटे कणही यंत्रावर तशीच खूण उमटवतात. दुसरा आला तरी घाई नको.

पावसाची सर ओसरल्यावर अंगणातली माती आठवा. थेंब सगळीकडे पडलेले असतात, त्यांचा हिशोब लागत नाही. पण पत्र्याच्या कडेखाली, पागोळ्या गळतात तिथे, ओळीने खळगे दिसतात. तिथला थेंब इतर थेंबांहून मोठा असतो असं नाही. तो त्याच जागी पुन्हा पडलेला असतो.

अभ्यासकही तेच पाहतात. वेळ वाढतो तशा भरकट्या खुणाही वाढतात, पण त्या विखुरतात. खऱ्या स्रोताचे फोटॉन एका ठिपक्यावर गोळा होतात. आजूबाजूला किती खुणा आहेत ते मोजायचं, तेवढ्या वजा करायच्या, आणि उरेल तेवढंच मान्य करायचं. असं करून त्या तुकड्यात सुमारे एक हजार स्रोत सापडले. त्यातली सातशेच्या आसपास सक्रिय केंद्रकं आहेत.

आता स्वतःकडे वळा. दिवसभर मनात उठलेले विचार एकेक करून जाऊ द्या. मोठ्याने आलेल्याला मान देऊ नका, हळू आलेल्याला हाकलू नका. कोणता विचार परत त्याच जागी येतो, एवढंच पाहा. आज तो एकदाच आला असेल, तर आजच त्याला खरा किंवा खोटा ठरवू नका. उद्या याच वेळी बसा, आणि मोजणी आजच्या पुढे चालू ठेवा.