वाटेवरच्या देशाच्या विमान कंपन्या

१९५१ च्या वसंतात आइसलँडमधल्या वात्नायोकुल या अवाढव्य हिमनदीवर काही माणसे बर्फात गाडले गेलेले एक विमान खणून काढत होती. विमान मूळचे त्यांचे नव्हते. आधीच्या सप्टेंबरात लॉफ्टलेइथिर या आइसलँडच्या कंपनीचे ‘गेइसिर’ हे विमान लक्झेंबर्गहून माल घेऊन परतताना या हिमनदीवर आदळले होते. आतली सहाही माणसे वाचली, पण कित्येक दिवस ती कुठे आहेत हे कोणालाच कळेना. विमानातल्या रबरी होडीबरोबर संकटकाळासाठी ठेवलेल्या रेडिओने अखेर त्यांचा ठाव लागला. त्यांना आणायला अमेरिकी हवाई दलाने स्की बसवलेले एक विमान हिमनदीवर उतरवले. ते उतरले, पण काही केल्या पुन्हा उडेना. शेवटी उत्तरेकडच्या अकुरेरीहून आलेल्या मंडळींनी अडकलेल्या साऱ्यांना, अमेरिकी वैमानिकांसकट, खाली आणले. अमेरिकनांनी ते विमान तिथेच सोडून दिले.

हिवाळाभर त्यावर बर्फ साचत राहिला. लॉफ्टलेइथिरने ते भंगाराच्या भावात विकत घेतले. वसंत लागताच कंपनीची माणसे बुलडोझर घेऊन वर चढली, विमान उकरून मोकळे केले, ओढत ओढत हिमनदीच्या सोयीच्या भागात आणले, इंजिने सुरू केली आणि ते उडवत रेक्याविकला नेले. पुढे ते विकून चांगले पैसे आले आणि अपघाताने खिळखिळी झालेली कंपनी तगली. आज ही कंपनी अस्तित्वात नाही. पण आधुनिक काळात स्वस्त तिकिटावर अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रत्येकावर तिचे ऋण आहे असे मला वाटते. म्हणूनच आइसलँडच्या बुडालेल्या, विलीन झालेल्या, मिटलेल्या विमान कंपन्यांकडे नुसत्या अपयशाची यादी म्हणून पाहणे मला पटत नाही.

लॉफ्टलेइथिर १९४४ साली उभी राहिली. आल्फ्रेथ एलियासन, क्रिस्तिन ओल्सेन आणि सिगुर्थुर ओलाफ्सन हे तीन तरुण कॅनडात वैमानिकाचे शिक्षण घेऊन परतले होते आणि त्यांच्याजवळ पाण्यावर उतरणारे एक छोटे स्टिन्सन विमान होते. देशात तेव्हा फ्लुगफेलाग आइसलँड्स ही दुसरी कंपनी होती. १९३७ मध्ये अकुरेरीत सुरू झालेली ही कंपनी पुढे राजधानीत आली होती. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने देशांतर्गत मार्गांची वाटणी केली. लॉफ्टलेइथिरच्या पदरात इतके थोडे पडले की तिने देशातली उड्डाणेच थांबवली. घरचे दार बंद झाले म्हणून ती समुद्रापलीकडे वळली.

तिथे एक फट होती. त्या काळी अटलांटिकवरची भाडी ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेत एकमताने ठरत. कोणत्याही सभासद कंपनीने प्रवासी न्यायचा तो त्याच भावाने. लॉफ्टलेइथिर सभासदच झाली नाही. आइसलँड आणि अमेरिका यांच्यात १९४५ मध्येच हवाई करार झाला होता, आणि त्याच्या आधारे ती न्यूयॉर्कला कमी भाड्यात जाऊ शकत होती. मोठ्या कंपन्यांच्या तक्रारी होऊनही अमेरिकेने तिच्याकडे काणाडोळा केला. केफ्लाविक इथला अमेरिकी लष्करी तळ हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. शीतयुद्धाच्या दिवसांत त्या बेटाला दुखवणे कोणालाच परवडणारे नव्हते. स्कॅन्डिनेव्हियन सरकारांनी मात्र आपल्या ‘एसएएस’ या विमान कंपनीच्या हितासाठी तिला अडवायला सुरुवात केली. तेव्हा कंपनीने लक्झेंबर्ग गाठले. त्या छोट्या देशाची स्वतःची अटलांटिकपार जाणारी कंपनी नव्हती, त्यामुळे कोणाचे हितसंबंध दुखावण्याचा प्रश्न नव्हता. दोन लहान देशांनी मिळून मोठ्यांच्या भाडेपत्रकाला वळसा घातला.

बदल्यात प्रवाशाला वेळ द्यावा लागे. इतरांकडे जेट आली तरी लॉफ्टलेइथिर पंख्याची जुनी विमाने वापरत राहिली आणि आपण हळू जातो पण स्वस्तात नेतो, हे जाहिरातीत उघडपणे सांगत राहिली. साठीच्या दशकात पाठीवर पिशवी घेऊन युरोप पाहायला निघालेली अमेरिकन विद्यार्थ्यांची एक पिढी या विमानांनी गेली. ‘हिप्पी एअरलाइन’ हे नाव तिला त्यातूनच चिकटले. कॅनडात बनलेल्या सीएल-४४ विमानांची लांबी वाढवून तिने १८९ आसने बसवली. त्या काळात अटलांटिकवर धावणाऱ्या प्रवासी विमानांत ही आसनसंख्या फार मोठी होती. परदेश पाहणे हा श्रीमंतांचा हक्क नाही, हे भाषणांतून सांगणारे पुष्कळ झाले. या कंपनीने ते तिकिटाच्या किमतीत करून दाखवले.

या साऱ्यामागे भूगोलाचे गणित आहे. आइसलँडची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत आहे. एवढ्या माणसांच्या जोरावर न्यूयॉर्कचे रोजचे विमान भरत नाही. ते भरते दुसरीकडे निघालेल्यांच्या जोरावर. मनमाडला गाडी बदलणारा प्रवासी मनमाडला यायला निघालेला नसतो, तसेच हे. केफ्लाविकच्या विमानतळावर पहाटे अमेरिकेकडची विमाने उतरतात, तासा-दोन तासांत तीच विमाने युरोपकडे निघतात, दुपारी परततात आणि संध्याकाळी पुन्हा अमेरिकेकडे जातात. लंडन तीन तासांवर, न्यूयॉर्क सहा तासांच्या आसपास. त्यामुळे एकच मध्यम आकाराचे विमान चोवीस तासांत दोन्ही खंड शिवून येते. जमिनीवर उभे राहणे जवळजवळ नाही, मोठ्या विमानाचा खर्च नाही. हे घड्याळ हीच या देशाच्या हवाई व्यवसायाची खरी मालमत्ता आहे.

पण जी फट दुसऱ्यांच्या नियमांमुळे पडते ती दुसरेच बुजवू शकतात. सत्तरीच्या दशकात तेल महागले, सवलतीच्या दरांत चार्टर विमाने भरू लागली, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने विमान व्यवसायावरची भाड्याची बंधने कायद्यानेच काढायला घेतली. लॉफ्टलेइथिरचे वेगळेपण संपले, कारण तिची रीत सगळ्यांचीच रीत होऊ लागली. त्याआधीच, १९७३ मध्ये, ती आणि फ्लुगफेलाग आइसलँड्स एका छत्राखाली आल्या होत्या. त्यातूनच आजची आइसलँडएअर पुढे आली. १९७८ च्या नोव्हेंबरात लॉफ्टलेइथिरचे डीसी-८ विमान हज यात्रा करून परतणाऱ्या इंडोनेशियन प्रवाशांना घेऊन जेद्दाहून येताना कोलंबोजवळ कोसळले आणि १८३ जीव गेले. या कंपनीविषयी कौतुकाने लिहिताना हे वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढच्याच वर्षी तिचे नाव आकाशातून गेले. मागे राहिले ते तिने १९७० मध्ये इतरांबरोबर लक्झेंबर्गमध्ये स्थापलेले कार्गोलक्स, जे आज जगातल्या मोठ्या मालवाहू कंपन्यांपैकी एक आहे.

तीन दशकांनी हीच रीत जांभळ्या रंगात परतली. स्कूली मोगेन्सन या उद्योजकाची ‘वाव एअर’ २०१२ च्या मे महिन्यात उडू लागली. २००८ मध्ये देशाच्या बँका कोसळल्या होत्या, चलन घसरले होते, आणि २०१० च्या ज्वालामुखीने आइसलँडचे नाव जगभर पोचवले होते. त्या वर्षी पाच लाखांहून कमी परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये ते २३ लाख झाले. या वाढीत वावच्या स्वस्त तिकिटांचा मोठा हात होता. २०१८ मध्ये एकट्या वावने सुमारे ३५ लाख प्रवासी नेले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या दहापट.

मग तिने ते घड्याळ मोडले, आणि हे मोडणे आपल्याकडे येऊन पोचले. डिसेंबर २०१८ मध्ये वावने दिल्ली ते रेक्याविक उड्डाणे सुरू केली. दिल्लीहून अमेरिकेला साडेतेरा हजार रुपयांपासून, अशी जाहिरात भारतीय वर्तमानपत्रांत झळकली. दिल्ली आणि केफ्लाविक यांच्यात साधारण साडेसात हजार किलोमीटरचे अंतर आहे, एका बाजूला दहा-अकरा तास. पहाटे उतरून सकाळी निघण्याच्या त्या वेळापत्रकात हे अंतर बसतच नाही. त्याला मोठे एअरबस ए-३३० लागते आणि ते दिवस-दिवस एकाच फेरीत गुंतते. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गांनी ही ओढाताण आधीच सुरू केली होती. लॉफ्टलेइथिरने जुनी विमाने घेऊन सावकाश जाण्याची किंमत प्रवाशाला आधी सांगितली. वावने महागड्या भाडेतत्त्वावरची मोठी विमाने घेऊन स्वस्त तिकिटे विकली, आणि त्यातली तूट नव्या कर्जाने भरत राहिली. या दोघींना एकाच तागडीत तोलणे मला मान्य नाही. दिल्लीची सेवा जानेवारीतच बंद पडली.

सप्टेंबर २०१८ मध्ये कर्जरोखे काढून झाले, नोव्हेंबरात आइसलँडएअरने कंपनी घ्यायचे ठरवले आणि महिन्याच्या आत माघार घेतली, मग अमेरिकेतल्या इंडिगो पार्टनर्सशी बोलणी झाली (आपल्या इंडिगोशी तिचा संबंध नाही) आणि तीही फिसकटली. २८ मार्च २०१९ रोजी वाव थांबली. हजाराच्या आसपास माणसांची नोकरी एका सकाळी गेली आणि दोन्ही खंडांवर प्रवासी अडकले. केफ्लाविकच्या धावपट्टीजवळ वावने वापरलेले एक एअरबस विमानतळ चालवणाऱ्या इसाविया या सरकारी कंपनीने थकबाकीपोटी अडवून ठेवले. विमान वावचे नव्हतेच, एका अमेरिकी कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते. उधारी एकाची आणि जप्ती दुसऱ्याच्या मालावर, असा तो तिढा कित्येक आठवडे न्यायालयांत फिरला आणि उन्हाळ्यात विमान सुटले. विमानतळाची शक्ती वापरून सार्वजनिक कंपनी निदान आपला हक्क सांगू तरी शकली. ज्याने फक्त तिकीट काढले होते त्याच्याजवळ अडवून ठेवायला काहीच नव्हते.

वावमधून बाहेर पडलेल्या माणसांनी ‘प्ले’ ही कंपनी उभी केली. तिचे लाल विमान जून २०२१ मध्ये, महासाथीच्या मधोमध, लंडनला निघाले. कल्पना तीच, केंद्र तेच, केफ्लाविकचे घड्याळ तेच. २९ सप्टेंबर २०२५ रोजी तीही बंद झाली आणि सुमारे चारशे जणांचे काम गेले. काहींच्या वाट्याला ही दुसरी बंद कंपनी आली असणार. जी कल्पना इतक्यांदा मोडून पुन्हा उभी राहते ती चुकीची कशी म्हणायची? वाटेवरच्या देशाने वाटसरूंवर जगावे यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की प्रत्येक नव्या प्रयोगाचा धोका ज्यांनी तो पत्करलाच नाही त्यांच्या माथी येतो.

मुंबईला हे वेगळे सांगायला नको. वावनंतर तीनच आठवड्यांनी, १७ एप्रिल २०१९ रोजी, मुंबईतून चालणाऱ्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले; मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. जेटच्या अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, साडेपाच वर्षांनी. पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत आधी तारण घेतलेल्या बँका असतात; रद्द तिकिटाचा प्रवासी फार मागे उभा असतो.

युरोपात पर्यटन कंपनीची पूर्ण सहल घेतली तर कंपनी बुडण्यापासून कायदा संरक्षण देतो. पण नुसते विमानाचे तिकीट घेणाऱ्याला असे सरसकट कवच नाही. डेन्मार्कने मात्र आपल्या देशात स्थापन झालेल्या विमान कंपन्यांसाठी एक हमी निधी उभा केला आहे. कंपनी बुडाली तर अडकलेल्याला घरी आणायचे आणि न झालेल्या प्रवासाचे पैसे द्यायचे, हे त्यातून होते. त्याचा भार तिकिटावर पडतो, पण तो थोडा असतो आणि आधीच माहीत असतो. असा निधी आइसलँडमध्ये हवा आणि भारतातही हवा. तिकिटामागे काही रुपये वेगळे काढून ते कंपनीच्या हाताबाहेर, विश्वस्तांकडे ठेवणे अवघड नाही. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगारही त्याच छत्राखाली आणता येतील. मग पुढची वाव किंवा पुढची जेट खुशाल धाडस करू दे.