वाकेन, पण चेपणार नाही

आमच्या घराण्याला इस्टेट नाही, पण ब्रीदवाक्य आहे. ‘मोडेन, पण वाकणार नाही!’ आजोबांच्या तसबिरीखाली आजीने ते लाल दोऱ्याने भरून, काच लावून टांगलेलं आहे. आजोबा कोर्टात कारकून, वडील शाळामास्तर आणि मी बँकेत क्लार्क. म्हणजे तिन्ही पिढ्यांचा धंदा दिवसभर टेबलावर वाकून बसण्याचा. गेल्या वर्षी माझी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी तपासून बजावलं, “यापुढे वाकायचं नाही.” घराण्याचं ब्रीद औषधाच्या चिठ्ठीवर लिहून आणणारा मी पहिलाच वंशज.

तर माणसाने वाकावं की मोडावं, हा प्रश्न मी तत्त्वज्ञांवर सोडून दिला होता. पण एका रविवारी पुतण्या आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्याने कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज टाकलं आहे. चहाचा कप तोंडाला लावण्यापूर्वीच म्हणाला, “काका, पाइप वाकवायचं मशीन घ्यायचंय. विकत घेऊ की घरी बनवू?”

असले प्रश्न नातेवाईक मला का विचारतात, हे मला ठाऊक आहे. बँकेतला माणूस संध्याकाळी घरी येताना तिजोरीतलं थोडं खिशात घालून आणतो, अशी समस्त नातलगांची प्रामाणिक समजूत आहे. पाइप वाकवण्यातलं मला काही कळत नाही, हे मी सांगणार होतो, पण “बी.कॉम. झालेत ना तुम्ही!” असं तो इतक्या विश्वासाने म्हणाला, की मला डिग्रीचा अपमान करवेना.

पुतण्याचा धंदा शर्यतीच्या मोटारींना पिंजरे बसवण्याचा. रॅलीत गाडी उलटते. तेव्हा टप चेपून आतल्या माणसाच्या डोक्यावर बसू नये म्हणून गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा सांगाडा उभा करतात. सीटच्या मागे एक मोठी कमान, पुढे काचेच्या कडेने नळ्या, दारात आडव्या-तिडव्या पट्ट्या. याला ‘रोल केज’ म्हणतात. आमची ही म्हणाली, “म्हणजे माणूस पिंजऱ्यात आणि वाघ बाहेर!” व्याख्या मला पटली.

आता नळी वाकवणं यात अवघड ते काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. तुम्ही बागेला रबरी नळीने पाणी घालता. नळी जरा जास्त वळवली की मध्येच मुडपते, पाणी बंद. पोलादी नळीचंही तसंच. वाकवताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. काउंटरवर बसून मी हेच वीस वर्षं अनुभवतो आहे: बाहेरून गिऱ्हाईक ओढतं, आतून साहेब दाबतात. या दोन्हींत नळी गोल राहिली तर ती वाकली. सपाट झाली तर ती चेपली.

दोन्हींत फरक किती, याचा आकडा नियमांत दिलेला आहे. मोटारशर्यतींची जागतिक संघटना म्हणजे एफआयए. तिचं नियमांचं बाड पुतण्याने माझ्यासमोर ठेवलं. मुख्य कमानीला बिनसांध्याची, थंड ओढलेली पोलादी नळी हवी. व्यास निदान ४५ मिलिमीटर आणि भिंत अडीच मिलिमीटर, किंवा व्यास ५० आणि भिंत दोन. कमान अखंड एका नळीची, मध्ये जोड नाही. वाकवायची ती न तापवता. वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट. वळणावर चुणी किंवा चीर नको. आणि वाकताना नळी थोडी लंबगोल झालीच, तर तिचा कमी व्यास भागिले जास्त व्यास ०.९ च्या खाली जाता कामा नये.

हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. वाका, पण वाकल्यावर मूळची गोलाई नव्वद टक्के शिल्लक दिसली पाहिजे! आमच्या प्रमोशनच्या मुलाखतीला हा नियम लावला, तर कितीजण साहेब होतील, याचा मी मनातल्या मनात हिशोब केला आणि तो मनातच ठेवला.

मशीनचे प्रकार मुख्यतः दोन. एक प्लंबरचं. दोन बाजूंना दोन आधार, मध्ये जॅकच्या टोकाला खोबण असलेला ठोकळा. जॅक मारला की ठोकळा नळीच्या पोटात घुसतो आणि नळी वाकते. हे स्वस्त, पण जाड भिंतीच्या पाण्याच्या पाइपांसाठी केलेलं. त्यात आणखी एक गंमत. पाण्याची दीड इंची पाइप बाहेरून मोजली तर ४८ मिलिमीटरच्या वर भरते, आणि आतून मोजली तरी दीड इंच भरत नाही, जास्तच भरते. मग दीड इंच आहे कुठे? फक्त नावात. माझा पगारही असाच. कागदावरचा आकडा वेगळा आणि हातात येणारा वेगळा. सांगायचा मुद्दा, त्या खोबणीत शर्यतीची ४५ ची नळी सैल बसते, आणि सैल बसलेली वस्तू दाबली की पसरते. (हे वाक्य मी खुर्चीवर बसून लिहीत आहे.)

दुसऱ्या प्रकारात खोबणीचं एक गोल चाक असतं. नळी चाकाला घट्ट धरायची, बाहेरून तिच्या पाठीला एक सरळ खोबणीचा ठोकळा टेकवायचा आणि चाक फिरवायचं. नळी चाकाभोवती गुंडाळली जाते आणि ठोकळा तिला पसरू देत नाही. परदेशी मशीनची किंमत, चाकांचे संच आणि आयात शुल्क धरून, माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. तेव्हा मी बी.कॉम.ला स्मरून सल्ला दिला: “प्लंबरचं भाड्याने आण. एक पिंजरा करून बघ.”

त्याने केला. पंधरा दिवसांनी मी गॅरेजात गेलो, तर पठ्ठ्या कमानीकडे बघत बसलेला. वरच्या कोपऱ्यावर, वळणाच्या पोटात, पितळी तांब्याला पडतो तसा पोचा. व्हर्नियर लावला. एका अंगाने ४८, दुसऱ्या अंगाने ३९. भागाकार मी केला. ०.८१.

गिऱ्हाईक चार दिवसांत गाडी न्यायला येणार होतं. कमान अखंड, म्हणजे नळी फुकट, मजुरी फुकट. मी अनुभवी माणसासारखा खाकरलो आणि म्हणालो, “हे बघ, डोकं आपटू नये म्हणून या कोपऱ्यावर तू फोम गुंडाळणारच आहेस. गुंडाळ. कोण बघतंय? आणि गाडी उलटेलच असं थोडंच आहे?”

पुतण्या काही बोलला नाही. मग हळूच विचारलं, “काका, तुमची कॅश संध्याकाळी दहा रुपयांनी चुकली, तर तुम्ही रात्री नऊपर्यंत शोधत बसता. काकू ताटं वाढून बसतात. दहा रुपये खिशातले का नाही टाकत ओ?”

प्रश्न त्याने सहज विचारला होता. पण मी गप्प झालो, कारण मी एकदा ते टाकले होते.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पेन्शनचा दिवस, काउंटरवर ही गर्दी. संध्याकाळी कॅश दहा रुपये कमी. घरी पाहुणे यायचे होते. मी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातली दहाची नोट गड्डीत सरकवली. टॅली! आठवड्याने एक आजी आल्या. खिडकीशी वाकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, “बाळा, मागल्या खेपेला मला पाचशे कमी आले का रे? मी घरी जाऊन मोजले.” मी त्या दिवसाचा कागद काढला. खरं सांगतो, मला जराही शंका नव्हती. “आजी, हे बघा, हिशोब बरोबर आहे.” त्या म्हणाल्या, “असेल बाबा. माझंच चुकलं असेल.” आणि पिशवी सावरत निघून गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी एक दुकानदार आला. पेन्शनच्या दिवशी घरच्या कामासाठी पैसे काढले होते, ते आता कपाटातून काढताना मोजले, तर पाचशे दहा जास्त भरले! आजींची पाचशेची नोट त्याच्या पैशांत गेली होती, आणि वर एक दहाची. पाचशे आजींचे असल्यामुळे ते तिजोरीला कमी पडलेच नाहीत. कमी दिसले फक्त दहा. ते दहा मी शोधत बसलो असतो, तर त्याच रात्री पाचशे सापडले असते. मी दहावर फोम गुंडाळला होता.

पुढच्या महिन्यात आजी आल्या, तेव्हा मी पाचशे त्यांना दिले, हात जोडले. त्या हसल्या. माझे दहा रुपये मला परत मिळाले. इतकी जड दहाची नोट मी आयुष्यात हाताळलेली नाही. आणि तरीही आजींचं एक वर्ष म्हणा, सहा महिने म्हणा, कमीच झालं असणार असं मला वाटतं. कारण ‘माझंच चुकलं असेल’ हे म्हातारपणी स्वतःबद्दल पटवून घेणं पाचशे रुपयांत भरून येत नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी गॅरेजात स्टुलावर बसून पुतण्याला सांगितलं. तो उठला आणि त्याने कमानीवर करवत लावली. पिंजऱ्याचं ऑडिट एकदाच होतं, आणि ते करणारा ऑडिटर चहा घेत नाही.

आता मशीन घरी बनवायचं ठरलं. उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री मदतीला आले. त्यांनी आधी जुना उपाय सुचवला: नळीत वाळू ठासायची, तापवायची आणि वाकवायची. पण थंड ओढलेल्या नळीला लाल केलं की ओढण्याने आलेला तिचा कस उतरतो. म्हणून नियम नको म्हणतो. मग लेथवर चाक कातायला घेतलं. व्यास ४५, म्हणून वळणाची त्रिज्या १३५. पुतण्याने आधाराच्या पाट्या पातळ घ्यायचं काढलं, तर मिस्त्री म्हणाले, “पातळ पाटी घेतलीस तर पाइप ऱ्हायली सरळ आन् मशीन वाकलं!” दुसऱ्याला वळण लावणाऱ्याने स्वतः वाकून चालत नाही, हे कुठल्याही हेडमास्तरांना विचारा. चाक फिरवायला ट्रक उचलायचा जॅक आला.

पहिल्या नळीला नव्वद अंशांत वळवली, पकड सोडली, तर ती दोन-तीन अंश मागे! पोलाद असं थोडं मूळपदावर येतंच. म्हणून हवं त्याच्या थोडं पुढे न्यावं लागतं. माझा पहाटे फिरायला जाण्याचा संकल्पही एक जानेवारीला नव्वद अंशांत असतो.

दुसरी नळी नीट आली. वळणाच्या पाठीवरून हात फिरवला, तर लोण्यासारखी. ४६ आणि ४४. भागाकार ०.९६. मी मिस्त्रींना विचारलं, “तीच नळी, तेच वळण. मग तिथं चेपली आणि इथं का नाही?” त्यांनी तो सरळ ठोकळा दाखवला. “पाठीला हात दिलाय न्हवं? पाठीला हात असला की पाइपबी नीट वाकती आन् माणूसबी.”

घरी येताना मला वडील आठवले. इन्स्पेक्टरपुढे न वाकल्यामुळे त्यांच्या बदल्या झाल्या, हेडमास्तरकी हुकली. या कथा ऐकतच मी मोठा झालो. पण वडील कधीच वाकत नव्हते, हे काही खरं नाही. मला सायकल शिकवताना ते सीटला धरून, एक हात माझ्या पाठीला लावून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेत वाकून धावायचे. धोतराचा सोगा सुटायचा, लोक हसायचे. त्यांची गोलाई तेव्हा शंभर टक्के होती. साहेबांचे पाय चेपायला माणूस वाकतो, ते वेगळं; आणि पावसात आई पोराला पोटाशी धरून वाकते, ते वेगळं. पिंजऱ्याच्या कमानीचा आकार नीट पाहिलात, तर तो त्या आईच्या पाठीचाच आहे. सरळ, ताठ, न वाकलेल्या नळीने आडोसा होत नाही.

ब्रीदवाक्य मात्र मी बदललेलं नाही. आजीचं भरतकाम आहे, आणि मला टाका घालता येत नाही. कापलेली कमान आमच्या हिने मागून आणली आणि परसात जोडून उभी केली. तिच्यावर आता दुधी भोपळा चढला आहे. भोपळ्याला ०.८१ चालतं.

पिंजरा बसला, रंग झाला. गाडी गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी पुतण्या म्हणाला, “काका, एकदा आत बसून बघा.” दारात त्या आडव्या-तिडव्या नळ्या. आत शिरायचं तर चांगलंच वाकायला हवं. एक पाय आत घातला, आणि कमरेत कळ आली. डॉक्टर आठवले, आजोबांची तसबीर आठवली. ना आत, ना बाहेर, असा मी लटकलो.

“थांबा काका,” म्हणत पुतण्याने माझ्या पाठीला हात दिला.

आणि मी वाकलो.