अपयशाचे दप्तर

चाळीसगावच्या दक्षिणेस, डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या पाटणचा शिलालेख खानदेशातील पुष्कळ सुशिक्षितांनी नावाने ऐकलेला असतो. वाचलेला मात्र क्वचितच असतो. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने, आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून येथे मठ स्थापन केला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ कुळातील सोइदेवाने इ. स. १२०७च्या सुमारास, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्या मठास उत्पन्न लावून दिले. आचार्यांचे जन्मस्थान हेच की अन्य कोणते, हा वाद विद्वानांचा विद्वानांनीच लढवावा. माझे लक्ष वेधून घेतो तो त्या लेखाचा शेवट, जेथे संस्कृत सोडून तत्कालीन मराठीत अगदी रोकडा तपशील उतरला आहे: पेठेत विक्रीस उघडलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजास येणारा हिस्सा मठास द्यावा, चालत्या घाण्यामागे पळी पळी तेल द्यावे, आणि येथे जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे. ग्रहगणितासारख्या विद्येचा जमाखर्च तेल्याच्या घाण्यापर्यंत जाऊन भिडतो, आणि तो झाकून न ठेवता दगडावर कोरला जातो, याचे मला अतोनात अप्रूप वाटते.

बाजाराचा पैसा आकाशाकडे वळला म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे व्हावे. आपल्या देशात २०२० साली अंतराळक्षेत्र खाजगी उद्योगांस खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूटचे ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून सुमारे ८९ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन आले, आणि चेन्नईच्या अग्निकुलने, ऐन वेळी अनेकदा उड्डाण रहित करण्याची नामुष्की पत्करून, ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय छपाईने घडविलेल्या इंजिनाचा अग्निबाण उडवून दाखविला. तसे पाहिले तर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा कारखाना आणि विक्रोळीची गोदरेज कंपनी इस्रोच्या अग्निबाणांचे भाग कित्येक वर्षांपासून करून देत आल्या आहेत. म्हणजे खाजगी हात या कामास नवे नव्हेत. नवी आहे ती अपयशाची मालकी. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळले तेव्हा ते अवघ्या देशाचे अपयश ठरले, आणि पुढच्या वर्षी १८ जुलैस मिळालेले यशही अवघ्या देशाचेच ठरले. स्पेसएक्स या अमेरिकी खाजगी कंपनीची पहिली तीन उड्डाणे फसली, ती मात्र एका कंपनीच्या खात्यावर पडली. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे साधले. पुढे तिच्याच स्टारशिप या अग्निबाणाच्या बाबतीत तर स्फोट होणे हीच जणू कामाची रीत ठरली. उडवावे, फुटू द्यावे, का फुटले ते पाहावे, पुन्हा उडवावे. सरकारी खजिन्यावर चालणाऱ्या संस्थेस एवढी मुभा कोणतीही संसद देणार नाही, आणि १३ ऑक्टोबर २०२४ रोजी परतणारा प्रचंड खालचा टप्पा मनोऱ्याच्या बाहूंनी अधांतरी झेलला गेला, तो या मुभेचाच प्रसाद होय, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु ही मुभा सर्वस्वी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली असते, हे मात्र खरे नव्हे. ते चौथे उड्डाण साधल्यानंतर तीन महिन्यांच्या आतच नासाने त्या कंपनीस १.६ अब्ज डॉलरांचा मालवाहतुकीचा ठेका दिला, आणि आपल्याकडच्या नव्या कंपन्यांनाही इस्रोचे प्रक्षेपणस्थळ व अनुभव यांचा आधार आहेच. शिवाय अपयशाचे तुकडे भागधारकांच्याच अंगणात पडतात असेही नाही: १६ जानेवारी २०२५ रोजी स्टारशिप फुटले तेव्हा त्याचे अवशेष अटलांटिक महासागरातील टर्क्स आणि केकॉस बेटांवर जाऊन पडले, आणि कित्येक विमानांस वाट बदलावी लागली.

त्याच वर्षीच्या जूनमधली एक घटना याहून बोलकी आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांस अंतराळस्थानकाकडे नेणाऱ्या ॲक्सिअम-४ मोहिमेचे फाल्कन-९ जागेवर जखडून चाचणीसाठी पेटविल्यानंतर त्यात द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. त्या प्रवासासाठी भारताने काही शे कोटी रुपये मोजले होते. तेव्हा इस्रोच्या मंडळींनी, अध्यक्ष व्ही. नारायणन यांच्यासह, गळती बुजवून पुन्हा तपासणी झाल्यावाचून उड्डाण नको, असा आग्रह धरला. उड्डाण लांबले आणि २५ जूनला सुखरूप पार पडले. गिऱ्हाइकाने दोन प्रश्न विचारले म्हणून विक्रेत्याचा अपमान झाला नाही. पण हे प्रश्न विचारता आले ते दप्तर पाहावयास मिळाले म्हणून. ज्याने तिकीट काढलेले नाही, पण ज्याच्या डोक्यावरून ते यंत्र जाणार आहे, त्याने कोणाच्या कचेरीत जाऊन विचारावे?

येथे मला धुळ्याची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे यांचे देहावसान १९२६च्या अखेरीस याच शहरी झाले, आणि लगोलग त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. वाड्यावाड्यांतून, अडगळीच्या माळ्यांवरून त्यांनी कागद गोळा केले. पण १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी काढला तो कोणत्या कागदांचा? १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा, म्हणजे पानिपताकडे नेणाऱ्या वाटेचा. विजयाचे पोवाडे आपोआप टिकतात. पराभवाची कारणे टिकतात ती कोणा कारकुनाने रसद कोठे अडली, पैसा कोठे थकला हे त्या त्या दिवशी लिहून ठेवल्यामुळे, आणि पुढे कोणी ते कागद छापून सर्वांच्या हाती दिल्यामुळे. फुटलेल्या अग्निबाणाची कंपनीने दाखविलेली चित्रफीत म्हणजे असा कागद नव्हे; ती पोवाड्याचीच नवी तऱ्हा आहे.

आणि या बाबतीत सरकारी संस्थेस तरी खाजगी कंपनीकडे बोट दाखविण्याचा अधिकार आहे काय? १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात निकामी झाले. त्याच्या चौकशीचा सविस्तर अहवाल ते वर्ष सरेपर्यंतही सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. १९७९चे अपयश ज्यांनी उघडपणे शिरावर घेतले, त्यांच्या वारसांना हे शोभत नाही.

व्यापारी गुपिते राहू द्यावीत; इंजिनाचे नकाशे कोणी मागत नाही. पण खाजगी उड्डाणांस परवाना देणाऱ्या इन-स्पेसने त्या परवान्यातच एक कलम घालावे, की प्रत्येक फसलेल्या चाचणीची कैफियत, म्हणजे काय बिघडले, का बिघडले, अवशेष कोठे पडले आणि पुढे काय बदलले, ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झालीच पाहिजे. आणि हेच कलम इस्रोने प्रथम स्वतःस लावून घ्यावे.