शेगडीतील राख

नकळत घडलेल्या अपराधाचा दोष लागतो काय, हा प्रश्न जुनाच आहे. आम्ही तो कोळशाच्या शेगडीपाशी बसून पाहावा म्हणतो.

शेगडीला वारा खालच्या तोंडातून लागतो. जाळीवर राख दाटली की तो कोंडतो. मग कितीही पंखा हलवा, कोळसा नुसता धुमसतो. म्हणून राख झाडावी लागते, एवढे सर्वांना ठाऊक. पण झाडलेली राख टाकायची कोठे? वारीच्या मुक्कामावर आता बहुतेक ठिकाणी गॅस आला, तरी कणसांच्या, चहाच्या शेगड्या दिसतातच. पहाटे निघायची घाई. शेगडी वाटेच्या कडेला उपडी केली, की चालले! मागून अंधारात कोणी माउली अनवाणी येते, आणि वरून पांढरी, थंड दिसणारी ती राख तिच्या पायाखाली येते.

‘आत विस्तव आहे हे आम्हांला काय ठाऊक?’ असे म्हणता येईल काय? आमच्या मते नाही. घरची आजी रात्री निखारा राखेत पुरून ठेवी, आणि सकाळी त्याच निखाऱ्यावर चूल पेटवी. राख विस्तव राखते, हे आपल्या सोयीपुरते ठाऊक आणि दुसऱ्याच्या पायापुरते ठाऊक नाही, हे कसले अजाणतेपण?

नुसती माती लोटूनही भागत नाही. विस्तव आत तसाच राहतो. राख पसरावी, पाणी शिंपडावे, काठीने ढवळावी, पुन्हा शिंपडावे. (वाफेपासून तोंड जपावे, बरे का!) तापल्या शेगडीत मात्र पाणी ओतू नये, मातीची असली तर तडकते. राख हाताला गार लागली, म्हणजे खुशाल दिंडी गाठावी.